सुवासिक लाकूड सापाला नको

पोपट लाकूड कुरतडतो, ससा त्यावर दात झिजवतो. साप यातले काहीच करत नाही. त्यामुळे पक्ष्यांसाठी आणि सशांसाठी केलेल्या ‘विषारी झाडां’च्या लांबलचक याद्या सापाला जशाच्या तशा लावण्यात फारसा अर्थ नाही, तरी दुकानदारापासून मित्रांपर्यंत सगळे त्याच याद्या पुढे सरकवत असतात. सापाला लाकूड बाधते ते तीन वाटांनी: श्वासातून, पोटाखालच्या खवल्यांतून, आणि भक्ष्याला किंवा पाण्याला लागून तोंडातून. यातली श्वासाची वाट सर्वांत मोठी, आणि नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

सापाची पेटी म्हणजे बंद, उबदार, दमट जागा. बॉल पायथनच्या पेटीचे गरम टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस असते आणि आर्द्रता ६० ते ८० टक्के. कॉर्न स्नेकला गरम टोक २९ ते ३२ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. दिवाणखान्यात वर्षानुवर्षे निमूट राहिलेली फळी, डिंक किंवा पॉलिश अशा उबेत वाफा सोडू लागते. त्यात सापाला आपल्यासारखे श्वासपटल नसते, म्हणून फुप्फुसात साठलेला कफ त्याला खोकून बाहेर टाकता येत नाही. कॉर्न स्नेकचे डावे फुप्फुस नावापुरतेच असते आणि सगळा भार उजव्यावर पडतो. बॉल पायथनला दोन्ही असतात, पण डावे लहान. तेव्हा लाकूड निवडताना झाडाचे नाव विचारावेच, पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: हे तापले आणि भिजले की काय सोडेल?

पुढच्या सूचना न्यू जर्सी, लंडन, टोरांटो, मेलबर्नमधल्या मराठी घरांसाठी आहेत, जिथे मुलाने हट्टाने साप आणला आहे आणि आईबाबा गुपचूप त्याच्या प्रेमात पडले आहेत. भारतात रीतसर नोंदणी करून परदेशी साप पाळणाऱ्यांनाही त्या तितक्याच लागू.

आधी कायदा, मग करवत

टाळावे: भारतातला साप घरी ठेवणे. धामण, दिवड, मांडूळ, अजगर, कोणीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. ‘जखमी होता म्हणून ठेवला’ ही सबब चालत नाही. महाराष्ट्रात साप घरात निघाला तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा.

करावे: परदेशी सापाची कागदपत्रे आधी पाहावीत. बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची भारतात परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बाहेरदेशी राहणाऱ्यांनीही गाफील राहू नये. न्यूझीलंड आणि हवाईत साप पाळायला पूर्ण बंदी आहे. ऑस्ट्रेलियात परवाना घेऊन फक्त तिथलेच साप पाळता येतात. अटलांटातल्या मंडळींना धक्का बसेल, पण कॉर्न स्नेक जॉर्जिया राज्यातला स्थानिक साप असल्यामुळे तिथे तो पाळता येत नाही.

वास हीच पहिली चाळणी

टाळावे: सीडार, कुठल्याही रूपात. वेस्टर्न रेड सीडारमधल्या प्लिकॅटिक अ‍ॅसिडमुळे लाकूडकाम करणाऱ्यांना दमा होतो, ही वैद्यकशास्त्राला पक्की ठाऊक असलेली गोष्ट. ईस्टर्न रेड सीडार नावाने विकले जाणारे लाकूड खरे तर जुनिपर. त्याच्या तेलाने कसर दूर राहते म्हणून अमेरिकेत लोकरीचे कपडे ठेवायच्या पेट्या त्याच्या करतात. जे तेल किड्यांना पळवते ते सापाच्या नाकाशी चोवीस तास कोंडून ठेवण्यात कसला शहाणपणा? फळी, ढलप्या, भुसा, तेलाचा फवारा, सगळे बाद. दुकानात कुत्र्याच्या गादीत भरायला सीडारचा भुसा मिळतो. पिशवीवर प्राण्याचे चित्र आहे एवढ्यावर तो उचलू नये.

टाळावे: देवदार, कापूर, चंदन, ताजी निलगिरी. देवदार म्हणजे हिमालयातला अस्सल सीडारच. जुन्या बाजारात ‘देवदारी’ म्हणून जी खोकी मिळतात त्यांत देवदार, पाइन, स्प्रूस यांपैकी काहीही असू शकते. विकणाऱ्यालाही ते माहीत असतेच असे नाही.

सांभाळून वापरावे: पाइन. याच्यावरून पाळणाऱ्यांत कायम दोन तट. ताज्या पाइनमध्ये राळ आणि टर्पीन जातीची उडून जाणारी द्रव्ये भरपूर असतात, म्हणून कच्चा, चिकट, वास मारणारा पाइन नकोच. भट्टीत सुकवताना ही द्रव्ये बरीच निघून जातात. अशी सुकवलेली, गाठी नसलेली, सर्व बाजूंनी लेप दिलेली पाइनची फळी पेटीच्या सांगाड्याला चालते. युरोप-अमेरिकेत अशा पेट्या सर्रास असतात. पाइनचा भुसा मात्र साप ज्यात तोंड खुपसून झोपतो त्या थरात घालायला मी सांगणार नाही. त्याहून चांगले पर्याय बाजारात आहेत, मग वाद कशाला?

करावे: बरणीची परीक्षा. लाकडाचा तुकडा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून दोन तास उन्हात ठेवावा आणि झाकण उघडताक्षणी हुंगावे. राळ, औषध, रंग, डिंक, अत्तर असला कुठलाही वास आला तर ते लाकूड बाद. वास आला नाही म्हणजे लाकूड निर्दोष ठरले असे नव्हे, पण आला तर पुढचा विचार करायची गरज उरत नाही.

पेटीचा सांगाडा

इथे लाकडापेक्षा डिंक महत्त्वाचा. प्लायवुड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांतले थर किंवा भुसा बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंकाने चिकटवलेला असतो. उष्णता आणि ओल वाढली की त्यातून फॉर्माल्डिहाइड जास्त सुटतो, आणि सापाच्या पेटीत दोन्ही मुद्दाम वाढवलेली असतात.

करावे: फळीवरचा शिक्का वाचावा. अमेरिकेत ‘टीएससीए टायटल सहा’ असे लिहिलेला माल घ्यावा. त्या नियमात हार्डवुड प्लायला ०.०५, पार्टिकल बोर्डाला ०.०९ आणि एमडीएफला ०.११ पीपीएम एवढीच फॉर्माल्डिहाइडची मुभा आहे. युरोपात आणि भारतात ‘ई वन’ किंवा त्याहून कडक ‘ई झिरो’ पाहावे. शिक्काच नसलेला स्वस्त प्लाय वखारवाला कितीही छातीठोकपणे देत असला तरी सोडून द्यावा.

टाळावे: ‘महाग तेच सुरक्षित’ ही समजूत. भारतात पुष्कळ जण थेट आयएस ७१० चा मरीन प्लाय मागतात, कारण तो पाण्याला दाद देत नाही. पण तो टिकतो यामागे एक कारण असे की त्याला वाळवी आणि बुरशी मारणारे रसायन पाजलेले असते. बोटीला आणि स्वयंपाकघराला हे ठीक. सापाच्या पेटीला तो वापरायचाच तर आतली एकही बाजू उघडी ठेवू नये. साध्या माणसाला आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर प्लाय पुरतो. ‘वाळवीची गॅरंटी’ असलेल्या कुठल्याही प्लायबद्दल मात्र ही गॅरंटी कशाच्या जोरावर, हे विचारून घ्यावे.

टाळावे: सेंटरिंगचा जुना प्लाय. बांधकामावर स्लॅबखाली वापरलेला हा प्लाय मातीमोल भावात मिळतो, आणि त्याच्या अंगात शटरिंगचे तेल, जळके डिझेल आणि सिमेंट मुरलेले असते. रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत. त्यांना क्रिओसोट म्हणजे डांबरापासून काढलेले तेल पाजलेले असते, आणि उन्हात ते अजूनही पाझरते.

टाळावे: औषध पाजलेले बाहेरकामाचे लाकूड. परदेशात घरामागच्या डेकचे आणि कुंपणाचे लाकूड किंचित हिरवट दिसते, ते तांब्याच्या क्षारांमुळे. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात तांब्यासोबत क्रोमियम आणि आर्सेनिकही असे. म्हणजे शेजाऱ्याने जुना डेक मोडला आणि फळ्या फुकट देऊ केल्या तर आभार मानून नको म्हणावे. त्या फळ्या जाळूही नयेत.

सांभाळून वापरावे: पॅलेटचे लाकूड. आंतरराष्ट्रीय मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह आणि दोन अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटे तापवलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. एमबी लगेच बाजूला टाकावे. एचटी तत्त्वतः ठीक, पण त्या पॅलेटवरून कीटकनाशकाची पिंपे गेली की बिस्किटांचे खोके, हे कुठलाच शिक्का सांगत नाही. फुकटच्या मोहाला इथेही आवर घालावा. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे जगतो आणि तेवढीच वर्षे त्या हवेत श्वास घेतो.

करावे: आतून सनमायका. सांगाडा प्लायचा आणि आतल्या सर्व बाजूंना लॅमिनेट, ही आपल्याकडच्या सुतारांच्या हातातली पद्धत सापाच्या पेटीलाही उत्तम. आतली बाजू पुसता येते, ओल शिरत नाही आणि प्लायचा वास बराचसा अडतो. चिकटवायला पाण्याचा पांढरा डिंक वापरावा. डोके चढवणारा सॉल्व्हंटचा डिंक घाईला बरा, पण त्याचा वास कोपऱ्यांत महिनाभर राहतो. ब्रिटनमध्ये मेलामाइन लावलेल्या चिपबोर्डाच्या तयार पेट्या मिळतात, त्याही याच तत्त्वावर. त्यांची दुखरी जागा म्हणजे उघड्या कडा. तिथून ओल शिरली की बोर्ड फुगतो, भुगा सुटतो. कॉर्न स्नेकच्या कोरड्या पेटीत तो बरीच वर्षे तग धरतो, बॉल पायथनच्या दमटपणात तेवढा नाही.

सागाबद्दल एक ओळ: जुना, मुरलेला साग बाहेरच्या चौकटीला छान दिसतो, पण त्याच्या अंगच्या तेलामुळे लेप नीट धरत नाही, म्हणून आतल्या बाजूला त्याचा आग्रह धरू नये.

लेप, सिलिकॉन आणि धीर

करावे: पाण्याचे पॉलियुरेथेन. दोन-तीन पातळ हात, मध्ये पॉलिश पेपर, कडांना एक हात जास्त. मग थांबावे. हाताला कोरडे लागणे वेगळे आणि लेप आतून पुरता पक्का होणे वेगळे. पहिले काही तासांत होते, दुसऱ्याला डब्यावर लिहिल्याप्रमाणे दोन ते चार आठवडे लागतात. साप आधी विकत घेऊन मग पेटी रंगवायला काढणारे याच ठिकाणी घाई करतात. पेटी आधी, साप नंतर.

करावे: रिकाम्या पेटीची तालीम. सगळे बसवून झाले की दिवा आणि थर्मोस्टॅट लावावा, पाण्याचे भांडे ठेवावे, दार बंद करून दोन दिवस पेटी चालू ठेवावी. मग दार उघडून नाक आत घालावे. डोळे चुरचुरले किंवा रंगाचा वास आला तर आणखी आठवडाभर दार उघडे.

टाळावे: बुरशीविरोधी सिलिकॉन. बाथरूमच्या फटी भरायला मिळणाऱ्या नळीत बुरशीनाशक असते. मत्स्यालयासाठीचे शंभर टक्के सिलिकॉन घ्यावे. त्याला सुरुवातीला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण गेल्यावरच पुढचे काम.

टाळावे: डांबर, वार्निश-टर्पेंटाइन, फर्निचरला चकाकी देणारे सुगंधी फवारे. लाखेचे फ्रेंच पॉलिश सुकल्यावर निरुपद्रवी, पण दमटपणात पांढरे पडून सुटते, म्हणून निरुपयोगी. जवसाच्या तेलाचा हात देणाऱ्यांनी तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात.

फांद्या: दुकानातल्या आणि झाडावरच्या

सापाला फांदी शोभेसाठी नको असते. कात टाकताना तोंडाची कड घासायला खरखरीत पृष्ठभाग लागतो. कॉर्न स्नेक चढण्यात पटाईत, आणि आळशी समजला जाणारा बॉल पायथनसुद्धा संधी मिळाली तर रात्री फांदीवर असतो. पेटी रिकामी आणि गुळगुळीत ठेवण्याला मी स्वच्छता म्हणत नाही.

करावे: बूच. खरे तर एवढे एकच आणले तरी भागते. बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या कॉर्क ओकची साल. जगातला निम्मा माल पोर्तुगालचा. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल उतरवतात. वजनाला हलके, ओलाव्यात सहज न कुजणारे, वासरहित, आणि वरून खरखरीत. त्याची पोकळ नळी मिळाली तर लपायची जागा, चढायची जागा आणि कात घासायची जागा एकाच वस्तूत मिळते. महाग आहे, कबूल.

करावे: दक्षिण आफ्रिका-झिंबाब्वेकडचे मोपानी, कॅलिफोर्नियाचे मॅन्झानिटा. दोन्ही जड, टणक, लवकर न बुरशी धरणारे. मोपानी पाण्याच्या भांड्याजवळ असेल तर पाणी चहाच्या रंगाचे होते. ते टॅनिन, त्याने घाबरू नये, पाणी बदलावे.

करावे: ओळखीच्या झाडाची फांदी. परदेशात ओक, बीच, बर्च, मेपल, हेझल, सफरचंद. आपल्याकडे पेरू, चिंच, बोर, जांभूळ, आणि जाड बांबू. यांत पेरू माझा लाडका: चिवट, गुळगुळीत, वाकड्यातिकड्या आकाराचा. बोरीचे काटे एकूण एक छाटून तासावे लागतात, म्हणून बोर उत्साही माणसांसाठीच.

टाळावे: चीक असलेली झाडे. शेर, रुई, निवडुंग, पांढरा चाफा यांचा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. बिब्ब्याचे तर सांगायलाच नको. त्याने माणसाच्या अंगावर फोड येतात. आंब्याच्या ताज्या फांदीचा चीकही खाजरा असतो. पूर्ण वाळलेली, साल काढलेली आंब्याची फांदी चालते, पण ती कुठल्या आंब्याची यावर पुष्कळ अवलंबून.

टाळावे: बागायतीतली फांदी. हे आपल्याकडे जरा जास्तच लागू. परदेशातल्या दुकानात द्राक्षवेलीचे वळणदार खोड ‘ग्रेपवाइन’ म्हणून चांगल्या किमतीला मिळते. ते पाहून नाशिककडच्या माणसाला वाटणारच की आपल्याकडे खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणीनंतर याचे ढीग बांधावर पडलेले असतात. पण त्या काड्यांवर बोर्डो मिश्रणापासून आंतरप्रवाही बुरशीनाशकांपर्यंत हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, आणि डोळे फुटावेत म्हणून ऑक्टोबरात हायड्रोजन सायनामाइडही लावलेले असते. शिवाय द्राक्षाचे खोड सच्छिद्र, दमट पेटीत लगेच बुरशी धरते. म्हणजे ते दुकानातून आणलेले असले तरी फक्त कोरड्या पेटीसाठी. कोकणातल्या मोहोरावर फवारणी होणाऱ्या कलमांची गोष्ट वेगळी नाही. परसातले, कधीही न फवारलेले झाड बघावे. रस्त्याकडेचे नको, तिथे धूर बसतो आणि नगरपालिकेच्या फवारण्याही होतात.

टाळावे: कण्हेर, आणि ब्रिटनमध्ये चर्चच्या आवारातला यू. दोन्ही हृदयावर घातक परिणाम करणारी. सापाने फांदी खाल्ली नाही तरी त्यावरून ओघळलेले पाणी तो पितो, आणि कण्हेरीवाचून कुणाचे अडत नाही. महामार्गाच्या दुभाजकातली छाटलेली कण्हेर कितीही सुबक दिसो.

सांभाळून वापरावे: चेरी, प्लम, काळा अक्रोड, गम. चेरी-प्लमच्या पानांत आणि सालीत सायनाइड देणारी द्रव्ये असतात. पोपटासाठी हा प्रश्न मोठा; सापासाठी, साल काढून पुरती वाळवलेल्या फांदीत, लहान. काळ्या अक्रोडाच्या भुशावर उभे राहिलेल्या घोड्यांचे खूर सुजतात, तेव्हा तो मी टाळतो. ऑस्ट्रेलियात निलगिरीकुळातल्या गमच्या फांद्या अजगर पाळणारे बिनदिक्कत वापरतात, पण त्या वर्षानुवर्षे ऊन खाऊन वास उडालेल्या असतात. ताजी तोडलेली निलगिरी वेगळी.

करावे: आणलेली फांदी तयार करावी. सैल साल खरवडावी, माती ब्रशने घासावी, कुसे पॉलिश पेपरने काढावीत. ओव्हनमध्ये मावेल एवढी फांदी १२० अंशांवर तासभर तापवावी आणि तेवढा वेळ स्वयंपाकघर सोडू नये. राळेचे लाकूड ओव्हनमध्ये कधीच नाही, ते पेट घेऊ शकते. मोठ्या फांदीवर उकळते पाणी पुन्हा पुन्हा ओतावे आणि मग ती खडखडीत वाळवावी. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हानेही फांदी वाळते, पण आतले भुंगेरे आणि त्यांची अंडी मरतीलच असे नाही. समुद्रावर वाहून आलेले लाकूड गोड्या पाण्यात आठवडाभर, रोज पाणी बदलत, भिजवावे.

करावे: फांदी सापाच्या अंगाइतकी किंवा त्याहून जाड निवडावी आणि बाहेरून स्क्रूने घट्ट बसवावी. बॉल पायथनची पूर्ण वाढलेली मादी दीड-दोन किलोची असते. हाताने जोर लावून फांदी हलली तर ती रात्री पडणार. ढोल्या आणि भोके तपासावीत: उपाशी साप ज्यातून जातो त्यातून उंदीर गिळलेला साप परत येईलच असे नाही. अशी भोके एकतर मोठी करावीत किंवा बुजवावीत.

तळाचा थर

करावे: कॉर्न स्नेकला अ‍ॅस्पेनचा भुसा. वासाची तेले नाहीत, धूळ कमी, आणि त्यात साप बिळे करतो ती कोसळत नाहीत. मात्र भिजला की बुरसतो, म्हणून बॉल पायथनला नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा काथ्याचा भुसा बरा. तो आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवावा, कारण सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात.

टाळावे: सुताराकडचा भुसा. फुकट, भरपूर आणि घातक. त्यात साग, एमडीएफ, प्लायचा डिंक, पॉलिश केलेल्या फळीची रंध्याची सालपटे असे सगळे एकत्र असते, आणि इतके बारीक की साप हलला की उडते. बागेसाठी रंगवलेल्या ढलप्याही नकोत.

करावे: उंदीर पुसून कोरडा करून लांब चिमट्याने द्यावा, शक्य तर ताटलीवर. ओल्या उंदराला चिकटलेली ढलपी हिरडीत रुतली की तोंडात जखम होते आणि ती चिघळते.

उष्णता

करावे: दिव्याला चिनीमातीचा होल्डर, भोवती जाळी, आणि थर्मोस्टॅट. जाळी नसेल तर बॉल पायथन दिव्यालाच वेटोळे घालतो.

टाळावे: जाड लाकडी तळाखाली हीट मॅट. लाकूड उष्णता अडवते. वर साप थंड, खाली मॅट तापत राहते आणि तळ काळा पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. प्लास्टिकच्या गरम डिंकाने दिव्याखाली काही चिकटवू नये.

धुणे-पुसणे

मराठी घरात लाकूड नीट निवडले जाते आणि मग त्यावर फिनाइल फिरवले जाते. काळ्या फिनाइलमध्ये फिनॉल, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. म्हणजे ज्या कारणासाठी सीडार बाहेर ठेवला तेच बाटलीतून आत आले.

टाळावे: फिनाइल, पाइन तेलाचे क्लीनर, क्लोरोझायलेनॉल असलेली अँटिसेप्टिक द्रावणे. पेटीच्या खोलीत डांबरगोळ्या, कापूर, डासांची कॉइल, धूप आणि उदबत्त्यांचा मारा हेही नको. गणपतीत दहा दिवस पेटी दुसऱ्या खोलीत हलवावी. गणपतीलाही सापाचे वावडे नाही, त्याच्या कमरेला आहेच.

करावे: पातळ केलेले क्लोरहेक्झिडिन किंवा पशुवैद्यांकडचे निर्जंतुक द्रावण. लेप दिलेल्या फळीवर ते काम करते. उघडे लाकूड मात्र कधीच पूर्ण निर्जंतुक होत नाही. सापावर गोचिडीसारखे बारीक काळे माइट दिसले, किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या आजाराचे निदान झाले, तर फांदी कितीही महाग असो, फेकून द्यावी. माइट भेगांत अंडी घालतात आणि क्रिप्टोवर नेहमीची बहुतेक द्रावणे चालत नाहीत.

नव्या लाकडावर पहिल्या महिन्यात पांढरी कापसासारखी बुरशी आली तर ती पुसून हवा खेळती करावी. काळी किंवा हिरवी बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल तर लाकूड बदलावे.

काही बिघडले तर

करावे: नवे लाकूड घातल्यावर दोन आठवडे साप नीट पाहावा. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, शिटीसारखा किंवा घरघर आवाज, नाकपुडीशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, डोके सतत वर धरून बसणे, ही श्वसनमार्ग बिघडल्याची लक्षणे. पोटाखालचे खवले लाल दिसले तर तळाचा थर संशयित.

टाळावे: ‘कात टाकायची वेळ असेल’ म्हणून आठवडा काढणे, आणि माणसांच्या सर्दीची औषधे.

करावे: त्याच दिवशी सगळे लाकूड आणि भुसा बाहेर काढावा. साधा, वास नसलेला कागदी रुमाल अंथरून, स्वच्छ पाणी ठेवून, गरम टोकाचे तापमान योग्य ठेवून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याची वेळ घ्यावी. जाताना त्या लाकडाचा तुकडा, लेपाच्या डब्याचा आणि भुशाच्या पिशवीच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. काय वापरले हे आठवून सांगण्यापेक्षा ते दाखवलेले डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.